अर्ध्या फटफटीचा शेवटचा प्रवास

मी फटफटी सोडली तेव्हा आमच्या पेठेतल्या बऱ्याच लोकांनी माझं अभिनंदन केलं. माणसानं काही मिळवलं तर अभिनंदन करण्याची आमच्याकडे फारशी पद्धत नाही. काही सोडलं तर मात्र करतात. छापखान्याचे मॅनेजर म्हणाले, "शहाणे झालात." समोरच्या बिऱ्हाडातल्या काकूंनी देवापुढे साखर ठेवली. मी शहाणा कसा झालो ते मात्र कोणी विचारलं नाही, म्हणून इथं सांगतो. पुण्यापासून महाळुंग्यापर्यंतचा हा प्रवास आहे. चाकणपर्यंत डांबरी सडक आणि पुढे चार मैल गाडीवाट. तिकडे मुद्दाम जाऊन पाहावं असं काही नाही, आणि वाचकांपैकी फारसं कोणी गेलेलंही नसणार. मी मुद्दाम गेलो.

फटफटी अर्धी माझी होती, अर्धी दत्ताची. आम्ही दोघं एकाच छापखान्यात मुद्रितं तपासत असू. लढाई संपल्यावर खडकीला लष्कराच्या जुन्या सामानाचा लिलाव झाला, त्यात एकट्याची ऐपत नव्हती म्हणून दोघांनी मिळून ही विलायती गाडी घेतली. एक आठवडा ती त्याच्याकडे असे, एक आठवडा माझ्याकडे. दत्ता ती चालवी, मी ती सांभाळी. तो मूळचा महाळुंग्याचा, दर पंधरवड्याच्या शनिवारी गावी जाई आणि सोमवारी अंगभर धूळ घेऊन छापखान्यात येई.

मार्गशीर्षातल्या एका सोमवारी तो आला नाही. चाकणच्या अलीकडे नाशिकच्या सडकेवर हुलगे, म्हणजे कुळीथ, पसरले होते. पुणेकर वाचकाला हे सांगायला हवं की तिकडे मळणीची एक नवी तऱ्हा निघाली आहे. पूर्वी खळ्यावर बैलांची पात फिरवीत. आता वाळलेलं पीक डांबरी सडकेवर पसरतात, कडेला दगड लावतात आणि झाडाखाली जाऊन बसतात. येणाऱ्या-जाणाऱ्या लॉऱ्या मळणी करतात. लॉरीला हुलग्याचं काही वाटत नाही. पण हुलग्याचा दाणा गोल, टणक आणि गुळगुळीत असतो, आणि फटफटीला दोनच चाकं असतात. दत्ता घसरला तो कडेच्या दगडावर. पुढे काही करण्यासारखं उरलं नव्हतं.

महिन्याभरानं त्याच्या वडिलांचं, तात्यांचं, कोणाकडून तरी लिहून घेतलेलं पत्र आलं. "गाडी घेऊन यावे. समक्ष बोलू." मी दोन गोष्टी ठरवल्या. या प्रवासानंतर आपण पुन्हा फटफटीवर बसायचं नाही, ही एक. आणि ही गाडी मोडीत घालायची, दुसऱ्या कोणालाही तिच्यावर बसू द्यायचं नाही, ही दुसरी. पहिली साधली. अभिनंदन झालं ते तिचंच.

पिंपरी

शनिवारी दुपारी निघालो. लॉरीतून पुण्याला आणलेल्या गाडीचं हँडल मिस्त्रीनं सरळ करून दिलं होतं, तरी ती डावीकडे ओढत होती. नाशिकची सडक कासारवाडीलाच फुटते, पण पेट्रोल भरावं म्हणून मी मुंबईच्या सडकेनं पिंपरीपर्यंत पुढे गेलो. ही चूक झाली.

पिंपरीला हल्ली कारखाने उगवताहेत. काल ज्वारी होती तिथं आज तारेचं कुंपण आणि उद्याच्या इमारतीची पाटी, असा प्रकार. त्या दिवशी अशाच एका पाटीपाशी केळीचे खांब, पताका आणि रांगेत उभी केलेली शाळेची मुलं दिसली. मी जवळ पोचलो आणि अचानक बँड वाजू लागला. मुलांनी जयजयकार केला. काळा कोट घातलेले एक गृहस्थ धावत आले, त्यांनी माझ्या गळ्यात झेंडूचा हार घातला आणि माझ्या खांद्यावरून मागे पाहत विचारलं, "साहेब किती मागे आहेत?"

"कोणते साहेब?" मी विचारलं.

हार ज्या वेगानं आला त्याच्या दुप्पट वेगानं परत गेला. कोनशिला बसवायला कोणी बडे पाहुणे यायचे होते, त्यांच्या मोटारीपुढे पोलिसाची फटफटी असणार होती, आणि मी आयताच तिच्या जागी आलो होतो. बँडवाले काळेवाडीचे. त्यांचा म्होरक्या मारुती क्लॅरिनेट काखेत धरून माझ्याकडे आला. त्याच्या जरीच्या कोटाला एकच बटण होतं.

"आमाला सांगितलं व्हतं राव, फटफटी दिसली की फुकायला लागा. आमी फुकलं. आता कुणाची फटफटी, ते आमाला काय ठावं?"

"तुमची काही चूक नाही," मी म्हणालो.

"चूक न्हाई ते खरं, पण दम गेला की वो! खरा सायेब आला तर काय वाजवू, कप्पाळ?"

सडक मोकळी ठेवायची म्हणून शिपायानं मला दोन तास उन्हात कडेला उभं केलं. पाहुणे आले. चांदीच्या थापीनं चमचाभर चुना लावला आणि भाषण केलं. देशाला वेग हवा आहे, असं ते म्हणाले. वेग हा शब्द भाषणात बऱ्याचदा आला. भाषणात वेग मात्र नव्हता. मुलं उन्हानं पेंगू लागली होती. मी टाकीवर पडलेली झेंडूची दोन फुलं झटकायला हात पुढे केला आणि मग तशीच राहू दिली. दत्ता गेला तेव्हा छापखान्यातून फुलं न्यायची राहून गेली होती. चुकून का होईना, आता पडली होती.

मोशी

मोशीला पोचेपर्यंत ऊन उतरलं. फटफटीच्या दिव्यावर माझा भरवसा नव्हता, म्हणून तिथंच मुक्काम करायचं ठरवलं. सडकेला लागून भिकुअण्णांचं हॉटेल आहे. हॉटेल म्हणजे एक चूल, दोन बाकडी आणि भज्यांची एक परात. भिकुअण्णा दारात आले, गाडीभोवती एक फेरी मारून वाकलेल्या मडगार्डवर त्यांनी बोट ठेवलं.

"हुलग्यातली का ही?"

"हो."

"मग हितं दारात नका लावू. त्या तिकडं चिंचंखाली लावा. ऱ्हावा तुमी खुशाल, जेवा, झोपा. गाडी तेवढी लांब."

मी गाडी चिंचेखाली नेली. भिकुअण्णांनी मला बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत आणि डोळ्यांतून पाणी काढणारा ठेचा वाढला. माझं आडनाव, गाव, कोणाचा कोण, यांतलं काही विचारलं नाही. आमच्या पेठेत एवढ्या माहितीवर पाणीसुद्धा मिळत नाही. जेवताना मी विचारलं, "अण्णा, गाडीचा यात काय दोष?"

"गाडीचा न्हाई," ते लगेच म्हणाले. "सडकेचा न्हाई. हुलग्याचा तर न्हाईच न्हाई. त्या पोराचाबी न्हाई, ग्वाड पोरगं, जाता-येता च्या पिऊन जायचं. पण मग माणूस मेला कसा? कुठंतरी ठिवला पायजेल का न्हाई दोष? मी आपला गाडीवर ठिवला. ती काय उलटून बोलत न्हाई."

मी आतापर्यंत वाचलेल्या तत्त्वज्ञानाच्या पुस्तकांत याहून बरं काही सापडल्याचं आठवत नाही. निदान भिकुअण्णांनी दोष कुठंतरी ठेवला तरी. मी तो महिनाभर हातात घेऊन फिरत होतो.

चाकणची सडक

रविवारी सकाळी इंद्रायणीवर धुकं होतं. पलीकडच्या काठावर कोणी कपडे आपटत होतं, ते दिसत नव्हतं, नुसता आवाज येत होता. एरवी मी थांबलो असतो. प्रवासवर्णन लिहिणाऱ्यानं नदीवर थांबावं अशी रीत आहे. पण मला पुढची सडक दिसत होती आणि नदीकडे लक्ष लागत नव्हतं.

कुरुळी मागे टाकल्यावर थोड्या अंतरावर सडक एकदम पिवळट तपकिरी झाली. हुलग्यांचा हंगाम सरला होता. आता तूर पसरली होती, सडकेच्या या काठापासून त्या काठापर्यंत, कडेला तसेच दगड. मी गाडी बंद केली, उतरलो आणि ढकलत चालायला लागलो. शेंगा पायाखाली कुरकुरत होत्या. मी हँडल धरलं आहे की हँडलनं मला धरलं आहे ते कळेना.

बाभळीखालून एक बाई ओरडली, "आवं भाऊ! उतरलात कशाला? बसून जावा की!"

मला वाटलं तिला माझी दया आली.

"चाक फिरू द्या की तुरीवर! चालून काय शेंगा फुटत्यात व्हय?"

मी थांबलो. म्हणालो, "बाई, इथं महिन्यामागं एक माणूस गेला."

"गेला ना," ती उठून जवळ आली. तिचा आवाज खाली उतरला. "वळखीतलाच. लई वंगाळ झालं. तवापास्नं आमी पातळ पसरतच न्हाई. जाड थर टाकतो. जाड आसलं म्हंजे घसरत न्हाई, म्हणत्यात."

"कोण म्हणतं?"

"समदेच म्हणत्यात."

तिनं मला पाणी दिलं. मी गाडी तुरीच्या पार पलीकडे ढकलत नेली. मागून एक लॉरी आली आणि तिच्या ड्रायव्हरनं मुद्दाम चाकं तुरीवर घेतली. बाईनं हात वर करून त्याला दुवा दिला. मी तिच्यासाठी तेवढंही केलं नव्हतं.

महाळुंगे

चाकणला कांद्याचा वास आणि भुईकोटाची पडकी तटबंदी ओलांडून डावीकडे वळलं की महाळुंग्याची गाडीवाट लागते. चाकोऱ्या इतक्या खोल की गाडी आपोआप सरळ राहते. पहिल्यांदाच ती डावीकडे ओढत नव्हती.

तात्या अंगणात उभे होते. उंच, वाळलेले, डोक्याला मळकं मुंडासं. मी काही बोलायच्या आत ते गाडीपाशी गेले आणि विकत घ्यायच्या बैलाला पाहावं तसं त्यांनी तिला पाहिलं. टाकीवरून हात फिरवला, चाक दाबलं.

"वाटंत तरास दिला का?"

"डावीकडे ओढते."

"बैलबी ओढतो. सवय लागती."

दत्ताची आई घरातून आली आणि मला पाहून परत आत गेली. दत्ताचा धाकटा भाऊ शिवराम विहिरीवरून आला. बाविशीचा असेल. चेहरा दत्ताचा नव्हता, पण उभं राहण्याची ढब त्याचीच, एक पाय सैल सोडून. त्यानं गाडीकडे पाहिलं आणि तात्यांनी ती का मागवली होती ते मला कळलं.

मी वाट पाहिली नाही. म्हणालो, "तात्या, माझा अर्धा भाग मी सोडला. पण एका अटीवर. गाडी मोडीत घालायची. तिच्यावर आता कोणी बसायचं नाही."

तात्यांनी मला ओसरीवर बसायची खूण केली.

"शिवरामाला पिंपरीच्या कारखान्यात घेतलंय," ते म्हणाले. "उद्यापास्नं. सात वाजता फाटकात हजर पायजे. चाकणास्नं पयली एसटी निघती आठाला."

"तिथंच खोली घेऊन राहू दे."

"आन् मळा?" शिवराम म्हणाला. "तात्यांच्यानं आता मोट हाकवत न्हाई. मी सांजच्याला यून हाकीन."

"सायकल घे."

"जाताना दीड-दोन तास, येताना तेवढंच, आन् मधी आठ तास मशिनीपाशी उभं ऱ्हायाचं. भाऊ, तुमी एक आठवडा करून बघा." त्यात टोमणा नव्हता. म्हणूनच तो लागला.

"चालवायला कोण शिकवणार? मी शिकवणार नाही."

"येती मला. दादानंच शिकवली, गावठाणाच्या माळावर."

इतक्यात आईनं पानं घेतली. हुलग्याच्या पिठाचे शेंगोळे होते, लसणीची फोडणी दिलेले, वाफाळते, आणि बरोबर भाकरी. तिकडे थंडीत करतात. दोन घास खाल्ल्यावर काहीतरी बोलायला हवं म्हणून मी म्हणालो, "हुलगे घरचे वाटतं?"

आईनं पदर ओढून घेतला. तात्या भाकरी मोडत राहिले, मग म्हणाले, "घरचे. त्येच."

मला समजायला वेळ लागला. शिवराम पानाकडे पाहत होता.

"सडकंकडंला आमचं एक वावर हाय," तात्या म्हणाले. "त्यातले. मागल्या सालीबी तिथंच मळले. कल्पना दत्तूचीच. म्हणाला, तात्या, बैलं म्हातारी झाली, पात कशाला धरता, सरकारनं एवढी डांबरी सडक दिलीया. त्यानंच पयल्यांदा पसरून दावलं. तीन दिसांचं काम एका सकाळच्यात झालं. गावात मग समद्यांनी तेच धरलं."

मला वाटलं, झालं.

"मी तिथंच व्हतो, सुपानं उपणत. आवाज वळकला. मी हुबा ऱ्हायलो. त्यानं मला बघितलं, आन् हात वर क्येला."

शेंगोळ्यांच्या भांड्याकडे पाहत आई म्हणाली, "टाकून द्यायचं का मग? वरीसभराचं खाणं हाय." तिनं ते मला विचारलं नव्हतं. ती महिनाभर स्वतःला विचारत असावी आणि उत्तर मिळेपर्यंत रोज पीठ मळत असावी. तिनं मला आणखी वाढलं. मी पान स्वच्छ केलं. दुसरं काय करता आलं असतं ते मला अजून सुचलेलं नाही.

दुपारी ओसरीवर मी शेवटचा प्रयत्न केला. मी म्हणालो, "तात्या, ही गाडी धोक्याची आहे. मीसुद्धा आता हिच्यावर बसणार नाही. शपथ घेतली आहे."

तात्यांनी चंची उघडली, पान काढलं, पुसलं. "तुमी नका बसू," ते समजुतीनं म्हणाले. "बरं क्येलंत. घरापास्नं छापखाना किती लांब म्हणायचा तुमचा?"

"चालत दहा मिनिटं."

"मंग कशाला बसायचं?"

माझी शपथ एवढीच भरली. मी पुण्याहून येताना ती एखाद्या मोठ्या त्यागासारखी बरोबर आणली होती आणि पिंपरीच्या पाहुण्यांसारखा चमचाभर चुना लावायला तिथं पोचलो होतो. ज्याला चालत जाता येतं त्यानं फटफटी सोडली, यात सोडलं काय? अट मागे घेतो असं मी म्हणालो नाही. तशी गरजही पडली नाही. पुन्हा कोणी तिचा विषयच काढला नाही.

संध्याकाळी मी शिवरामला माळावर नेलं. तो दत्ताहून बरी चालवीत होता, हे पाहून मला भीती अधिकच वाटली. मी त्याला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. "सडकेवर पीक दिसलं की उतरायचं. ढकलत न्यायची. लोक हसले तरी."

"उतरीन की भाऊ."

"आणि कोणी ओळखीचं दिसलं तर हात सोडायचा नाही."

त्यानं मान वळवून टाकीवरची धूळ पुसली. मी नको ते बोललो होतो.

सोमवार

पहाटे झुंजूमुंजू होण्याआधी जागा झालो तेव्हा अंगणात कंदील होता. गाडी धुतलेली होती. आई ताम्हण घेऊन आली आणि तिनं फटफटीच्या दिव्याला कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, हँडलला दोन्हीकडे हळद लावली. खिलारी बैलाच्या शिंगांना लावावी तशी. मी पाहत होतो. ज्या गाडीवरून एक मुलगा गेला तिला ती ओवाळीत होती. तात्यांनी पुढच्या चाकापाशी नारळ फोडला. मग आईनं ताम्हण खाली ठेवलं, दोन्ही तळवे टाकीवर टेकले आणि म्हणाली, "बाई, याला माघारी आण."

शिवरामनं भाकरीचं फडकं कमरेला बांधलं. मला म्हणाला, "बसा भाऊ मागं. चाकणपत्तुर सोडतो."

"मी चालत जाईन."

"चार मैल?"

"जाईन."

त्या अंगणात माझ्या शपथेला एवढंच काम होतं, ते तिनं केलं. त्यानं किक मारली. दुसऱ्या लाथेला इंजिन लागलं, बैल बुजून मागे सरले, आणि तो गेला. धुरळा आणि काळोख एकच झाले. लाल दिवा वळणावर दिसेनासा झाला, आवाज मात्र येत राहिला.

आम्ही तिघं उभे होतो. पहाटेचा आवाज लांबवर येतो. चढावर तो जड झाला, उतारावर हलका झाला.

"वढ्यात उतारला," तात्या म्हणाले.

"अजून न्हाई," आई म्हणाली.

मग आवाज पुन्हा वर आला, आणि तिनं मान हलवली. पुढे तो बारीक होत गेला. आता तो डांबरी सडकेला लागला असेल, आता त्या वावरापाशी आला असेल, असं मी मनात मोजत होतो. तीही मोजत असणार. एकाएकी काही ऐकू येईना. गाडी लांब गेली म्हणून, की तो उतरून ढकलत होता म्हणून, की आणखी कशानं, हे तिथं उभं राहून कळायला काही मार्ग नव्हता. आईनं तात्यांकडे पाहिलं.

"सांजच्याला कळंल," तात्या म्हणाले, आणि बैल सोडायला गोठ्याकडे गेले.